क्रीडा मंडळाची स्वतःची वास्तू: आधी कागद, मग जागा, मग पैसा

महाराष्ट्रातल्या बहुतेक कबड्डी, खो-खो आणि कुस्तीच्या मंडळांची अवस्था एकसारखी आहे. खेळाडू राज्य स्पर्धेपर्यंत पोचलेले, कपाट चषकांनी भरलेलं, आणि ते कपाट कुणाच्या तरी घराच्या पडवीत. सराव शाळेच्या मैदानावर, तोही मुख्याध्यापकांची मर्जी असेपर्यंत. बैठक देवळाच्या ओट्यावर. मग एखाद्या वर्षी संघ जिंकतो, सत्कार होतो आणि पाहुणे व्यासपीठावरून ‘मंडळाला हक्काची वास्तू मिळालीच पाहिजे’ म्हणून जातात. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवसापासून करायचं काय, ते कुणालाच ठाऊक नसतं.

हा लेख त्या दुसऱ्या दिवसासाठी आहे. पुण्याचं डेक्कन जिमखाना (१९०६), अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) ही नावं अशा वेळी हमखास घेतली जातात. पण शंभर वर्षांपूर्वीचे जमिनीचे भाव आणि आजचे भाव यांची तुलनाच होत नाही. तालुक्याच्या गावातल्या, दोन-तीनशे सभासदांच्या मंडळाला आज काय जमू शकतं, तेवढंच इथे पाहू.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मंडळांचे प्रकल्प पैशांअभावी अडतात त्याहून जास्त कागदांअभावी अडतात. पैसे द्यायला माणसं असतात. ते घ्यायला कायद्याने जिवंत असलेली संस्था नसते.

पहिलं काम: मंडळ कागदावर जिवंत आहे का ते बघा

आपल्याकडे अशी मंडळं सहसा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली असतात. दुसऱ्या नोंदणीचा ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक लेटरहेडवर छापलेला असतो. नोंदणी झाली म्हणजे काम संपलं, असा समज असतो आणि घोळ तिथेच होतो.

धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-१ चा उतारा काढा. त्यात विश्वस्तांची नावं आणि मंडळाच्या मिळकतींची नोंद असते. जुन्या मंडळांच्या उताऱ्यावर हमखास काय दिसतं? सातजणांपैकी तिघे वारलेले, एक मुलाकडे पुण्याला राहायला गेलेला, एकाने भांडून मंडळ सोडलेलं. सध्याचे अध्यक्ष आणि सरचिटणीस यांचं नावच नाही. निवडणुका झाल्या, हार-तुरे झाले, पण बदल अर्ज म्हणजे चेंज रिपोर्ट कुणी दाखल केला नाही. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये किंवा मिळकतीत बदल झाला की ९० दिवसांत तो कळवावा लागतो.

उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून एकेक बदल क्रमाने दाखल करायचा. क्रमाने हे महत्त्वाचं. मधल्या दोन कार्यकारिणी गाळून थेट आजची यादी दिली, तर आधीच्या मंडळींना कुणी निवडलं आणि त्यांचा अधिकार कुठून आला, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी त्या-त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त आणि मावळत्या विश्वस्तांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले लागतात. जुनं इतिवृत्ताचं पुस्तक कुणाच्या माळ्यावर असेल तर आजच उतरवा. या कामाला महिने लागतात, वाद असेल तर वर्षंही. म्हणून जागा शोधण्याआधी हे सुरू करायचं.

सोबत आणखी तीन गोष्टी मार्गी लावा:

- गेल्या किमान तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल झालेले हवेत. सनदी लेखापालाची फी वाचवण्याची जागा ही नव्हे.
- मंडळाच्या नावाचं पॅन आणि प्राप्तिकर खात्याची १२-एबी व ८०-जी नोंदणी. पहिल्या नोंदणीमुळे मंडळाच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, दुसरीमुळे देणगीदाराला. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सनदी लेखापालाला (सीए) जुन्या नावाने विचारलंत तरी त्यांना कळेल.
- घटनेत म्हणजे नियमावलीत स्थावर मिळकत घेणं, बांधकाम करणं आणि कर्ज काढणं हे अधिकार लिहिलेले आहेत का ते वाचा. नसतील तर घटनादुरुस्ती करावी लागेल.

नंतर विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि वास्तूचा ठराव करा. ‘मंडळासाठी इमारत बांधावी’ एवढा ठराव पुरत नाही. इमारत निधीचं स्वतंत्र बँक खातं, त्यावर सह्या कुणाच्या, बांधकाम समितीत कोण, किती रकमेपर्यंतचा खर्च समिती स्वतःच्या अधिकारात करू शकते आणि त्यापुढचा कार्यकारिणीकडे केव्हा न्यायचा, हे सगळं ठरावातच हवं. बांधकाम समितीत ठेकेदारी करणारा सभासद असला तरी चालेल, पण मग ठेका त्याला किंवा त्याच्या भावाला मिळणार नाही हेही तिथेच लिहून ठेवा. लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही आणि पुढे त्यावरूनच मंडळं फुटतात.

किती जागा लागेल: फूटपट्टी घेऊन बसा

आर्किटेक्टकडे जाण्याआधी खेळाची मापं डोक्यात हवीत. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. कुस्तीची मॅट १२ बाय १२ मीटर. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. ते छताखाली घ्यायचं म्हटलं तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. खो-खोच्या मंडळाने मैदान उघडं ठेवून शेजारी छोटी वास्तू बांधणं शहाणपणाचं.

कबड्डीचं उदाहरण घेऊ. १३ बाय १० मीटर म्हणजे अंदाजे ४३ बाय ३३ फूट. भोवती पळायला, पंचांना आणि बाद खेळाडूंना बसायला जागा सोडली की हॉल साधारण ६० बाय ४५ फुटांचा होतो, आणि मध्ये एकही खांब चालत नाही. आता ४ गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट म्हणजे ६६ बाय ६६ फूट. त्यात ६० फुटांचा हॉल ठेवला तर दोन्ही टोकांना तीन-तीन फूट उरतात. एवढ्या समासावर, म्हणजे हद्दीपर्यंत सोडलेल्या मोकळ्या जागेवर, परवानगी मिळत नाही. ‘चार गुंठे म्हणजे भरपूर झाले’ म्हणून इसार देऊन बसलेलं मंडळ इथेच फसतं. ६६ बाय ९९ फुटांचे ६ गुंठे असले, तर हॉलला लागून १५ फूट रुंदीची कार्यालय, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि स्वच्छतागृहांची पट्टी घेता येते आणि तरी चारी बाजूंनी दहा-बारा फूट मोकळे राहतात. सभागृह म्हणून परवानगी मागितलीत तर समास याहून मोठे लागू शकतात. म्हणून इसार देण्याआधी आर्किटेक्टकडून कच्चा आराखडा काढून घ्या. त्याची फी पुढच्या मनस्तापापेक्षा स्वस्त पडते.

जागा मिळवण्याचे रस्ते

*विकत घेणं.* सर्वांत महाग, पण सर्वांत निर्धास्त. मात्र शेतजमिनीच्या मोहात पडू नका. गावाबाहेरची जमीन स्वस्त दिसते, पण कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही आणि मंडळ काही शेतकरी नव्हे. एखाद्या शेतकरी सभासदाच्या नावावर घेऊन ‘नंतर मंडळाच्या नावावर करू’ हा उपाय सर्रास सुचवला जातो. तो करू नका. सभासद वारला की वारसांची नावं सातबाऱ्यावर चढतात, आणि वारसांना कबड्डीशी देणंघेणं असेलच असं नाही. बिगरशेती झालेला, मंजूर ले-आउटमधला प्लॉटच बघा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी या चार गोष्टी झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. भोगवटादार वर्ग-२ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) किंवा देवस्थान इनाम असा शेरा दिसला की तिथेच थांबून वकिलाला गाठा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे मंडळाची असते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्काचा आकडा मोठा असतो, तो बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

*बक्षीसपत्र.* गावातले एखादे आजोबा वडिलांच्या स्मरणार्थ जागा देतात. तोंडी शब्दावर मंडप घालू नका. स्थावर मिळकतीचं दान नोंदणीकृत दस्तानेच होतं. त्यावर देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात, आणि देणारा हयात असतानाच मंडळाने ते स्वीकारायला हवं. जागा फुकट मिळाली तरी मुद्रांक शुल्क माफ होत नाही, संस्थेला दिलेल्या बक्षीसपत्रावर ते खरेदीखतासारखंच लागतं. जमीन वडिलोपार्जित असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, बहिणींच्यासुद्धा. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं.

*सरकारी जमीन.* महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम यांच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत संस्थांना खेळासाठी जमीन मिळू शकते, बहुधा भाडेपट्ट्याने. अर्ज तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत असा खालून वर फिरतो आणि प्रत्येक टेबलावर अभिप्राय जोडला जातो. मंजुरी मिळते ती अटींसह. ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापर, परस्पर कुणाला देणं नाही, ठरलेल्या मुदतीत बांधकाम. शर्तभंग झाला तर जमीन शासनजमा होऊ शकते. लग्नाला हॉल भाड्याने देऊन खर्च भागवायचा विचार असेल, तर अशा जमिनीवर तो बसतो का ते आधी पाहा.

गायरानाचा विषय मात्र काढूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश आहेत. सरपंच ओळखीचे आहेत म्हणून टाकलेली पत्र्याची शेड पुढच्या तहसीलदाराच्या एका नोटिशीने जाते.

*नगरपरिषदेची जागा.* पालिकेच्या सभेने ठराव केला की जागा आपली झाली असं पेढे वाटून जाहीर करणारी मंडळं आहेत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम ९२ पालिकेच्या मिळकती देण्यावर बंधनं घालतं. दीर्घ मुदतीच्या पट्ट्याला पालिकेच्या ठरावापलीकडची मंजुरी लागते. ठरावाची प्रत हातात आली म्हणजे तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. मंजुरी आल्यावर पट्ट्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो.

*ले-आउटमधली खुली जागा.* ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत अशा जागेवर व्यायामशाळा किंवा क्लब हाउसला वाव आहे, पण बांधकाम खुल्या जागेच्या १५ टक्क्यांपर्यंतच, त्यातही तळमजल्यावर १० टक्के. गणित करा: १० गुंठ्यांची खुली जागा म्हणजे १०,८९० चौरस फूट, तळमजल्यावर जेमतेम १,०८९. आपल्या २,७०० चौरस फुटांच्या हॉलसाठी २५ गुंठ्यांची खुली जागा हवी. शिवाय ती जागा त्या ले-आउटमधल्या प्लॉटधारकांच्या उपयोगासाठी आहे, त्यांचा विरोध असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. व्यायामशाळेपुरता विचार असेल तर मात्र हा रस्ता चांगला.

*दुसऱ्या संस्थेची जागा.* शाळेची किंवा देवस्थानची जागा दीर्घ मुदतीने मिळत असेल तर त्यांनी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेतली का ते विचारा. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सार्वजनिक न्यासाला बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही, परवानगी असेल तरच. तीस वर्षांचा करार संस्थाचालकांनी खुशीने सही करून दिला तरी या परवानगीशिवाय त्याला आधार नाही. तुमच्या मंडळाची जुनी खोली विकून नवीन बांधायची असेल तर हेच कलम तुम्हालाही लागतं.

जागा ज्या मार्गाने येईल त्या मार्गाने येवो, दस्त झाल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करून ती शेड्यूल-१ वर चढवा. खरेदीखत मंडळाच्या नावाचं आणि धर्मादायच्या उताऱ्यावर मात्र ‘स्थावर मिळकत: निरंक’, हे चित्र पुढे प्रत्येक अनुदानाच्या अर्जात आडवं येतं.

खर्चाचा अंदाज

समजून घेण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडतो. दर तुमच्या गावचे टाका. लोखंडी सांगाड्याचा हॉल २,७०० चौरस फूट आणि लागून पक्क्या खोल्या ६७५, मिळून ३,३७५ चौरस फूट. सरासरी दर १,५०० रुपये धरला तर साधारण ५० लाख. बहुतेक मंडळांचा हिशेब इथेच थांबतो. यापुढचं विसरलेलं असतं: आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारांची फी, माती परीक्षण, विकास शुल्क, १ टक्का कामगार कल्याण उपकर, महावितरणचा वाढीव वीजभार, बोअर, कुंपण, अग्निशमन साहित्य. ठेकेदाराच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी दरात धरला आहे की वर आहे, हेही विचारून घ्या. त्यानंतर मॅट, दिवे आणि खुर्च्या. ५० लाखांचं काम ६५ लाखांवर सहज जातं. पाया खोदताना काळी माती खोल लागली तर आणखी वर. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळांनी माती परीक्षणाचे पैसे मुळीच वाचवू नयेत.

पैसा: कुठून आणि कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतःच्या घरातला पैसा, मग गावचा, मग कंपन्यांचा आणि सरकारचा. बाहेरचा प्रत्येक देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमच्या सभासदांनी किती जमवले. त्याचं उत्तर पासबुकात दिसायला हवं.

सभासद आणि माजी खेळाडूंपासून सुरुवात करा. यादी बनवा: कोण पोलीस खात्यात, कोण रेल्वेत, कोण बँकेत खेळाच्या कोट्यातून लागलं. ज्याला मंडळामुळे नोकरी लागली तो सहसा नाही म्हणत नाही, पण त्याला फोनवर मागू नका. दोघांनी घरी जायचं, नकाशा दाखवायचा आणि नेमका आकडा सांगायचा. ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं की ५०१ रुपये मिळतात. ‘तुमच्या बॅचने कपडे बदलण्याच्या खोल्या करायच्या, सव्वातीन लाख, तुम्ही आठजण’ असं म्हटलं की लोक आपसात बोलू लागतात. मोठी रक्कम दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत द्यायची सोय ठेवा.

पावती पुस्तकांचा हिशेब काटेकोर ठेवा. गणपतीची पुस्तकं इथे वापरायची नाहीत. इमारत निधीची वेगळी, क्रमांक छापलेली पुस्तकं, कुणाला कोणतं दिलं याची सहीनिशी नोंद, आणि उरलेली कोरी पुस्तकं परत. प्रत्येक मोठ्या देणगीदाराकडून ‘ही रक्कम इमारतीच्या कायम निधीसाठी देत आहे’ असं लेखी घ्या. त्यामुळे ती कॉर्पस म्हणून वेगळी दाखवता येते. एरवी वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करण्याचं बंधन येतं. इमारतीसाठी पैसा साठवायचाच असेल तर ठरावीक अर्ज भरून पाच वर्षांपर्यंत मुदत घेता येते, पण तो अर्ज वेळेत भरायला हवा.

८०-जीबद्दल देणगीदाराला खरं तेच सांगा. सवलत देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, तिलाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला मिळतच नाही. सिमेंटची पोती किंवा सळई दिली तर तीही यात बसत नाही. वस्तूंची नोंद साठा वहीत करा आणि आभारपत्र द्या. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरणपत्र ऑनलाइन भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र देणं मंडळाचं काम. त्यासाठी देणगी घेतानाच पॅन लिहून घ्यायचा. नंतर शंभरजणांना फोन करत बसणाऱ्या खजिनदाराची दया येते. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख तर कोणत्याही कारणाने घ्यायची नाही.

परदेशातल्या माजी खेळाडूंचा मुद्दा हल्ली प्रत्येक मंडळात निघतो. न्यू जर्सीतला किंवा लंडनमधला आपला जुना चढाईपटू आनंदाने पैसे पाठवतो. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी. तिला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं. ‘भावाच्या खात्यावर पाठव, तो मंडळाला देईल’ हा उपाय भावालाही अडचणीत आणतो आणि मंडळालाही. सोपा रस्ता म्हणजे पासपोर्टची प्रत मागून घेणे.

स्मरणिका आणि नाटकाचा प्रयोग हे आपले जुने, भरवशाचे मार्ग. स्मरणिकेतली जाहिरात ही देणगी नव्हे. तिची ८०-जी पावती द्यायची नाही, वेगळं बिल करायचं. प्रयोग विकत घेतलात तर तिकिटं आधी खपवा, तारीख मग पक्की करा. लकी ड्रॉची कूपनं मात्र छापू नका, लॉटरीच्या कायद्यात अडकाल.

*कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी.* कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. कुस्ती त्यात ऑलिम्पिक म्हणून बसते, कबड्डी आणि खो-खो ग्रामीण खेळ म्हणून. शब्द ‘प्रशिक्षण’ आहे हे लक्षात ठेवून प्रस्ताव लिहा. ‘आम्हाला हॉल हवा’ असं न लिहिता, किती मुलं-मुली, कोणत्या वेळी, कोणता प्रशिक्षक, पुढच्या तीन वर्षांत काय साधायचं हे लिहा आणि हॉल त्याचं साधन म्हणून मांडा. मंडळाला सीएसआर-१ नोंदणी, १२-एबी व ८०-जी आणि कामाचा तीन वर्षांचा पूर्वेतिहास लागतो. जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात ओळख असलेला सभासद इथे उपयोगी पडतो. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये घेऊन गेलात तर वर्षाचं बजेट संपलेलं असतं. दिवाळीच्या आधी जा.

*सरकारी योजना.* क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदान योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालतात. रकमेच्या मर्यादा आणि अटी शासन निर्णयांनी बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या मंडळाला काय मिळालं यावर विसंबू नका, चालू निर्णयाची प्रत मागा. जागा संस्थेच्या नावावर किंवा दीर्घ मुदतीच्या नोंदणीकृत पट्ट्याने असणं हा इथला कळीचा कागद.

आमदार किंवा खासदार निधीबद्दल मोठा गैरसमज आहे. तो पैसा मंडळाच्या खात्यात येत नाही. काम सरकारी यंत्रणा किंवा पालिका करते, ठेकेदार त्यांचा असतो आणि उभी राहिलेली वस्तू बऱ्याचदा स्थानिक संस्थेच्या मालकीची राहते. म्हणून मुख्य हॉल त्यातून मागू नका. रस्ता, गटार, कुंपण, बाहेरचं स्वच्छतागृह अशी कामं मागा. मालकीचा घोळ होत नाही आणि तुमचे दहा-बारा लाख वाचतात. आचारसंहितेच्या तारखा लक्षात घेऊन पत्र आधी द्या.

*कर्ज.* शेवटचा मार्ग, आणि विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय बंद. सभासदांकडून ‘बिनव्याजी हातउसने’ घेणं हेही कर्जच. दरमहा हप्ता कोणत्या उत्पन्नातून जाणार हे कागदावर मांडता येत नसेल तर परवानगी मागायलाही जाऊ नका.

बांधकाम

टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा स्वतःपुरता वापरता येईल असा ठेवा. पहिल्या टप्प्यात जोतं, सांगाडा आणि छप्पर झालं की मुलं खाली मातीवर सराव सुरू करू शकतात. सराव सुरू झालेला दिसला की देणग्या वाढतात. याउलट सगळ्या खोल्यांच्या भिंती अर्ध्या-अर्ध्या चढवून ठेवलेली वास्तू पाच वर्षं तशीच उभी राहते. जोतं मेअखेर पुरं व्हायला हवं, नाहीतर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी आणि कामगार गावाकडे.

परवानगीशिवाय कुदळ मारू नका. जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, घ्या. ते नसेल तर स्पर्धेला परवानगी, विमा आणि पुढचं अनुदान सगळीकडे अडतं.

ठेकेदाराशी लेखी करार करा. किमान तीन दरपत्रकं, कामाच्या परिमाणांचा तक्ता, झालेल्या कामाच्या मोजमापानेच बिल, प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवायचे आणि एक पावसाळा गेल्यावर द्यायचे. पत्र्याचं छप्पर गळतं की नाही हे जुलैतच कळतं. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि वर हवा खेचणारे पंखे सुरुवातीलाच बसवा. विदर्भात एप्रिलच्या दुपारी नुसत्या पत्र्याखाली सराव अशक्य होतो.

मुलींसाठी वेगळी, आतून कडी लागणारी कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह नकाशातच हवं. पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथे लागते आणि दोन वर्षांनी मुलींचा संघ का टिकत नाही यावर बैठक होते. दारात पायऱ्यांसोबत उतारही ठेवा.

उद्घाटनानंतरचं

महिन्याचा खर्च आधी लिहा: वीज, झाडलोट, रात्रीचा राखणदार, मालमत्ता कर, विमा आणि मॅट बदलण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम. त्यासमोर उत्पन्न लिहा. सभासद वर्गणी, प्रशिक्षण शुल्क, सकाळी ज्येष्ठांचा योगवर्ग, दिवसा अभ्यासिका. १२-एबी नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या खेळ प्रशिक्षणाला जीएसटीतून सूट आहे. हॉल भाड्याला ती नाही, आणि करपात्र व सूट असलेली मिळून एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की नोंदणी लागते.

कोल्हापूरच्या तालमींसारखे रस्त्याकडेला दोन गाळे काढता आले तर खर्चाची काळजी बरीच मिटते. गाळा देताना मुदत ३ वर्षांच्या आत ठेवा, करार नोंदवा, आणि भाडेकरू कार्यकारिणीच्या नात्यातला नको.

हॉलच्या वेळापत्रकात सराव आधी, भाडं नंतर. संध्याकाळी ५ ते ८ कोणत्याही कारणाने भाड्याने द्यायचं नाही, असा नियम सर्वसाधारण सभेतच करून घ्या. लग्नसराईत अध्यक्षांवर येणारं दडपण त्यांना या ठरावाकडे बोट दाखवून झटकता येतं. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं प्रपत्र ‘ब’ दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीमार्फत द्यावं लागतं, ते कुणाकडे हेही त्याच सभेत नावानिशी ठरवा. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर इमारतीचाही चेंज रिपोर्ट भरा. जमीन चढवली म्हणजे इमारत आपोआप चढत नाही.